बारा नकाशे

"चहा नको, पाणी चालेल," असं म्हणत बोरवणकर सरळ खिडकीखालच्या चौरंगापाशी जाऊन बसला. तो चौरंग शालनचा होता. माझी बायको त्यावर कागद ठेवून रंगवायला बसायची. ती जाऊन सोळा दिवस झाले होते आणि तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

"तिथून उठा," मी म्हणालो.

"काय?"

"उठा तिथून. खुर्ची आहे ना."

तो उठला. खुर्चीवर बसला. हातातलं मोठं चपटं पार्सल त्याने भिंतीला टेकवून ठेवलं आणि रुमालाने मान पुसली. एप्रिल महिना होता, भर दुपार. सावंतवाडीच्या आमच्या आळीत त्या वेळी कुत्रंसुद्धा फिरत नाही. बोरवणकर मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आला होता.

"वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं. काविळीसारख्या आजाराने माणूस जावं म्हणजे…"

"काम बोला."

मला त्याचं काम माहीत होतं. महिन्यापूर्वी त्याचं पत्र आलं होतं, एका गिऱ्हाइकाची तक्रार आलीय म्हणून, शालन अंथरुणावर असताना. मी ते तिला वाचून दाखवलं नव्हतं.

बोरवणकरचा धंदा जुन्या नकाशांचा. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात, फ्रान्सात, इंग्लंडात छापलेले हिंदुस्थानचे नकाशे तो कुठून कुठून मिळवायचा आणि शौकीन लोकांना विकायचा. बरेचदा एखादं जुनं पुस्तकच मिळे. त्याची शिवण उसवून आतला एकेक नकाशा तो सुटा करत असे. हे नकाशे मुळात काळ्या शाईत छापलेले. त्या काळी ज्याला हवे त्याला हाताने रंगवून मिळत. रंगवलेल्या जुन्या नकाशाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, काळ्या-पांढऱ्याला मिळत नाही. म्हणून बोरवणकर आमच्याकडे आला होता. शालन चिताऱ्यांची मुलगी. माहेरी गंजिफाचे पत्ते रंगवून तिचा हात तयार झालेला. रुपयाएवढ्या गोलात ती मत्स्यावताराचे खवले मोजून काढायची. मी बाइंडर. शाळेची, कचेरीची रजिस्टरं बांधायचो. तिने रंगवायचं आणि मी मागे कापड चिकटवून कागदाला बळकटी द्यायची, असं काम ठरलं. तीन वर्षांत बारा नकाशे झाले, बाराही एकाच डच छापाचे.

"तुमच्याकडचा एक नकाशा ज्यांनी घेतला, ते कॅप्टन रेगे चार वाजता येतायत," बोरवणकर म्हणाला. "डाकबंगल्यावर उतरलेत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझ्यावर विश्वास नाही म्हणे."

"काय ऐकायचंय?"

त्याने पार्सल सोडलं. आतून फ्रेम निघाली. काचेमागे आमचाच नकाशा होता. सिंधू नदीपासून गंगेच्या मुखापर्यंतचा सगळा हिंदुस्थान. खाली डाव्या कोपऱ्यात हत्ती, पागोटेवाला माणूस आणि मधे नकाशाचं नाव. समुद्रात चार गलबतं. शालनने समुद्राच्या कडेला अगदी पातळ निळा हात फिरवला होता. डोंगरांना गेरूचा. मुलखांच्या हद्दी हिरव्या आणि पिवळ्या.

आता त्यातलं निम्मं नव्हतं. कोकणपट्टी पार खरवडल्यासारखी झाली होती. बंगालची हिरवी हद्द जाऊन तिथे कागदाचा पापुद्रा दिसत होता. हत्तीला पाय नव्हते. काचेच्या आत एक चंदेरी कसर अजून फिरत होती, आमच्या डोळ्यांसमोर.

"दोन वर्षांत हे," बोरवणकर म्हणाला. "आणि गंमत बघा. जिथे रंग, तिथेच खाल्लंय. बाहेरची कोरी पट्टी जशीच्या तशी. कॅप्टननी मुंबईत एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, रंगाखाली ताजी खळ आहे. कसर खळीला आली. म्हणजे रंग जुने नाहीत, हे त्यांना कळलं."

"तुम्ही जुने रंग म्हणून विकला होता?"

"काणेकर, आता भोळेपणा नको."

रंग धरण्यासाठी कागदावर आधी चिंचोक्याच्या खळीचा पातळ हात द्यावा लागतो. नाहीतर जुना कागद रंग शोषून घेतो आणि रेघ फुटते. गंजिफाला तसंच करतात. खळ आमच्या घरात मी शिजवत असे. हे बोरवणकरला माहीत होतं.

"मी त्यांना सांगितलंय," तो आवाज खाली आणून म्हणाला, "की मी नकाशा तुमच्याकडे फक्त मागून कापड लावायला दिला होता. वहिनींनी आपल्या मनाने रंगवला. बाईमाणूस, चिताऱ्यांच्या घरची. कोरं दिसलं की रंगवायचं, एवढंच ठाऊक. मला वाटलं, धुतल्यावर जुनाच रंग उजळला. मीही फसलो. तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं आणि या कागदावर सही करायची. टाइप करून आणलाय."

"ती चोर, असं लिहून देऊ?"

"चोर कोण म्हणतंय? अडाणीपणा म्हणतोय मी. आणि खरं सांगू का, आता उलट सोपं झालंय. गेलेल्या माणसावर कोण फिर्याद करतो? तिला काय लागणार आहे? कॅप्टन चिडतील, थोडं बडबडतील आणि सोडून देतील. नाहीतर सरळ पोलिसात जातील. मग खळ कोणी केली, कापड कोणी लावलं, सगळं निघेल. मी मुंबईचा माणूस, वकील देईन. तुम्ही काय कराल?"

"हो मेलो परत इलो?" दारातून आवाज आला. अक्का होती, शालनची थोरली बहीण. शेजारीच राहायची, अजूनही गंजिफा रंगवायची. हाताला लाख लागलेली तशीच आली होती. "भिंतीपलीकडे सगळा ऐकू येता माका. काय लिवून घेवक इलास रे?"

"ताई, हे आमच्या धंद्यातलं—"

"माझ्या भयणीन तुझो कागद नासल्यान? तू तिच्या पायाकडे बसान ह्या करा, ता करा म्हणी सांगी होतस. मी बघलंय. तुका लाज नाय वाटणा?"

"अक्का, तू जा," मी म्हणालो.

"मी जातंय. पण पुरुषोत्तमा, तू त्या कागदाक हात लावलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नको." ती गेली नाही. दाराच्या चौकटीतच बसली.

मला बोरवणकरच्या कानशिलात द्यावीशी वाटत होती. पण मी तसं केलं नाही. मी काय केलं ते सांगतो. मी तो टाइप केलेला कागद घेतला, वाचला आणि म्हणालो, "येऊ देत कॅप्टनना. त्यांच्यासमोर करतो सही."

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. बोरवणकरने सुस्कारा सोडला आणि पाण्याचा पेला उचलला.

मी भ्यालो होतो. दुसरं कारण नाही.

कॅप्टन रेगे बरोबर चार वाजता आले. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या भुवया, पायात कॅनव्हासचे बूट. मालवाहू बोटींवर आयुष्य गेलेला माणूस. आत येऊन त्यांनी आधी भिंतीवरचा शालनचा फोटो बघितला. हार सकाळचाच होता.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "बोरवणकर, तुम्ही बोलला नाहीत."

"साहेब, म्हटलं प्रत्यक्षच—"

"मग मी परत येतो. महिन्याभराने."

"नको," मी म्हणालो. "आत्ताच काय ते बोला."

ते बसले. फ्रेम मांडीवर घेतली. "मी तीस वर्षं या किनाऱ्यावरून बोटी नेल्या," ते म्हणाले. "हा नकाशा ज्याने काढला त्याने हा किनारा पाहिलेला नव्हता. खलाशांच्या टिपणांवरून ॲम्स्टरडॅममध्ये बसून काढलेला. बघा, वेंगुर्ला केवढं ठळक घातलंय, कारण तिथे डचांची वखार. तुमचं गाव नाहीच. घाटाच्या जागी उंदरांची बिळं काढलीत. तरीपण मला आवडायचा. चुकीचा असला तरी प्रामाणिक होता. जेवढं ऐकलं तेवढं काढलं. आता मला सांगा, माझ्या घरी आला तो प्रामाणिक होता का?"

बोरवणकर पुढे सरकला. "साहेब, मी सांगितलं तसंच आहे. या काणेकरांना विचारा. बाई अडाणी. किमतीची वस्तू कशाशी खातात ते ठाऊक नाही. देवळाची भिंत रंगवावी तसा रंगवून ठेवला. वरून खळ कशी करतात तेही धड येत नव्हतं. कच्ची खळ, म्हणून तर कसर लागली."

"देवळाची भिंत?" कॅप्टननी उरलेल्या रंगावर काचेवरूनच बोट फिरवलं. "एवढी बारीक रेघ भिंतीवर काढतात होय? काणेकर, तुम्ही सांगा. तुमच्या पत्नीने हे न विचारता केलं?"

मी चष्मा लावला. तो टाइप केलेला कागद समोर होता, पेन समोर होतं. अक्का दारातून बघत होती.

कच्ची खळ. तो तसं म्हणाला नसता तर मी सही केली असती. आज इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? केली असती.

"खळ तिने केली नाही," मी म्हणालो. "खळ मी केली."

"काणेकर!" बोरवणकर म्हणाला.

"खळ कच्ची नव्हती. चांगली शिजवलेली होती. तिच्यात मोरचूद नव्हतं. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, मग तिला किडा तोंड लावत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी चाळीस वर्षं घालतोय. पण मोरचुदाने कागदावर हिरवट झाक येते. या माणसाने पहिल्या नकाशाआधी नमुन्याच्या कागदावर ती पाहिली आणि म्हणाला, कागद जुना पिवळाच दिसला पाहिजे, मोरचूद बंद करा. मी बंद केलं."

"साहेब, दुःखात माणूस काहीही—"

"तुम्ही थांबा," कॅप्टन म्हणाले. "आणि रंग?"

"रंगवायलाच आणून दिले होते. बाराही. कुठला रंग कुठे द्यायचा त्याचे फोटो हा मुंबईहून घेऊन यायचा."

"बारा?"

"बारा."

बोरवणकर उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला होता. "बरं. मग मीही सांगतो. ही बाई काही बाळ नव्हती. तिला कळत होतं मी काय विकतो ते. तिने कधी नाही म्हटलं? साहेब, विचारा यांना. तिने कधी तोंड उघडलं? आणि हे जे बोलतायत त्याला पुरावा काय? माझा शब्द आणि यांचा शब्द."

अक्का म्हणाली, "सांग मां रे. गप कित्याक बसलंस?"

पुरावा होता. मला माहीत होता आणि बोरवणकरलाही माहीत होता. मी सांगणार नाही याची त्याला खात्री होती. कारण त्यात त्याच्यापेक्षा मीच जास्त उघडा पडत होतो.

दुसऱ्या नकाशाच्या वेळची गोष्ट. शालनने बोरवणकरला सहज विचारलं होतं, "यावर नकाशा काढणाऱ्याचं नाव आहे, छापणाऱ्याचं आहे. रंगवणाऱ्याचं कुठे आहे?" तो हसला. म्हणाला, "वहिनी, रंगवायच्या तिथल्या गरीब बायका, घरात बसून. त्यांची नावं कोण घालतो?" ती म्हणाली, "मग मी माझं घालते." त्याला वाटलं, थट्टा करतेय.

दोन दिवसांनी नकाशा माझ्या टेबलावर आला तो पालथा. मागच्या कोऱ्या बाजूला तिने शिसपेन्सिलीने लिहिलं होतं. बोरवणकर तेव्हा इथेच होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "काणेकर, कापड लावून टाका. लगेच." मी लावलं. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. आत आली तेव्हा कापड बसलेलं होतं. तिने त्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "मला विचारलंत?"

मी म्हणालो, "हातात आलेलं काम घालवायचंय का तुला?"

ती भांडली नाही. पुढचे दहाही नकाशे तिने रंगवले. प्रत्येकाच्या मागे तेच लिहिलं आणि प्रत्येक वेळी लिहिलेली बाजू वर करून माझ्या टेबलावर ठेवला. मी कापड लावणार हे ठाऊक असून. पहिला नकाशा तेव्हा अजून कापडाविना माझ्याकडेच होता. तो तिने परत मागून घेतला, "एक डोंगर राहिलाय" म्हणून. तो आला तेव्हा त्याच्याही मागे लिहिलेलं होतं. बारा वेळा तिने मला वाचायला दिलं. बारा वेळा मी खळ फासली.

"पुरावा कापडाखाली आहे," मी कॅप्टनना म्हणालो. "पण काढायचा तर कापड ओलं करावं लागेल. समोरचा उरलेला रंग सुटेल. मी थांबवू शकणार नाही."

"साहेब, ऐकू नका," बोरवणकर म्हणाला. "भिजवलं की गेला. आत्ता निदान काहीतरी आहे. मी दुरुस्त करून देतो, दुसरा नकाशा देतो—"

"नकाशा कोणाचा आहे?" कॅप्टननी विचारलं.

"तुमचाच, पण—"

"मग काढा हो काणेकर."

मी फ्रेम उघडली. कसरी टेबलावर पडल्या, अक्काने चपलेने मारल्या. मी टेबलावर टीपकागद अंथरला, त्यावर नकाशा पालथा घातला आणि स्पंजने कापड भिजवायला लागलो. अर्धा तास लागतो. घाई केली तर कागद फाटतो. मधे बोरवणकर एकदा म्हणाला, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." अक्का म्हणाली, "तुझ्या पायार पडता की नाय ता बघ आधी." खालच्या टीपकागदावर निळा, मग गेरू, मग हिरवा रंग फुटायला लागला. तिने आठवडा-आठवडा बसून दिलेले ते रंग. मी स्पंज थांबवला नाही.

कोपरा सुटला. मी कापड तळहाताने दाबत दाबत, मागे दुमडत सोलत गेलो. कागद आतून स्वच्छ होता. तिथे कसर पोहोचली नव्हती. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही.

कॅप्टन वाकून मोठ्याने वाचायला लागले:

"यातले रंग नवे आहेत. मी दिले. शालन पुरुषोत्तम काणेकर, सावंतवाडी. खळीत मोरचूद नाही, मी सांगून पाहिलं. कसर लागेल. ज्यांच्या घरी जाईल त्यांनी दर उन्हाळ्यात काच उघडून बघावं."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मनात. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही वाचलं होतंत?"

"हो."

"आणि झाकलंत."

"हो. याने सांगितलं आणि मी झाकलं. बाराही."

अक्काने डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला. ती रडत होती की नाही मला माहीत नाही. नंतर ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

बोरवणकरने आपला टाइप केलेला कागद टेबलावरून उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्याच्या मागच्या बाजूला मी जे घडलं ते लिहिलं, त्याने काय सांगितलं आणि मी काय केलं, दोन्ही. खाली सही केली आणि कॅप्टनना दिला. "पोलिसात जा, नाहीतर कुठेही जा," मी म्हणालो. "माझं नाव पहिलं घाला."

"ते मी ठरवीन," कॅप्टन म्हणाले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग ते बोरवणकरकडे वळले. "बाकीचे अकरा कोणाकडे आहेत?"

"तसं सांगता येत नाही. गिऱ्हाइकांची नावं आम्ही देत नाही."

"ज्या बाईला तुम्ही अडाणी म्हणालात," कॅप्टन म्हणाले, "तिला तुमच्या गिऱ्हाइकांची तुमच्यापेक्षा जास्त काळजी होती. चालते व्हा."

बोरवणकर गेला. पुढे त्याने नावं दिली नाहीत ती नाहीतच. केस झाली, लांबली, त्याचं दुकान दुसऱ्या नावाने चालू राहिलं. त्या भानगडी इथे नकोत. कॅप्टननी मला माफ केलं नाही आणि मी माफी मागितली नाही. पण त्यांना नकाशे जमवणारे लोक माहीत होते. त्यांनी पत्रं लिहिली आणि जिथून जिथून उत्तर आलं तिथे मी गेलो, स्पंज आणि टीपकागद घेऊन. पुण्यात दोन मिळाले, मडगावला एक, बडोद्याला एक, मुंबईत तीन. एका घरात मला दारातूनच हाकललं. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आत घेतलं. प्रत्येक कापड मी मालकासमोर सोललं आणि मागचं त्यांनाच वाचायला लावलं. कॅप्टनचा धरून आठ झाले. त्यानंतर कॅप्टन वारले.

माझं वय आता एक्क्याऐंशी आहे. बायको गेल्यावर माणूस हळवा होतो म्हणतात. मी झालो नाही. मला अजून राग येतो. बोरवणकरचा येतो आणि त्याहून जास्त त्या टेबलाशी खळ फासत बसलेल्या माणसाचा येतो.

चार नकाशे अजून कोणाच्या तरी भिंतीवर आहेत. खालच्या डाव्या कोपऱ्यात हत्ती आणि पागोटेवाला, समुद्रात चार गलबतं, वेंगुर्ला ठळक. मागे जाड पांढरं मांजरपाट, कडा आत दुमडलेल्या. असा नकाशा तुमच्याकडे असेल तर कापड ओलं करा, अर्धा तास थांबा आणि कोपऱ्यापासून सोला. रंग जातील, जाऊ देत. मागचं मोठ्याने वाचा. मग ज्याला शिव्या घालायच्या त्याला घाला. पत्ता तोच आहे, सावंतवाडी, आणि मी अजून घरीच असतो.